होडीचं दावं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे चार बोटं खचली आणि थांबली. एवढंच झालं. कल्याणातल्या त्या नव्या टॉवरात असलं काहीबाही सारखं होत असे, आणि ते सुधारायचाच सुदामला पगार मिळत होता. लिफ्ट सुधारणारा माणूसच लिफ्टीत अडकला म्हणजे हसण्याची गोष्ट, आणि खालचा वॉचमन नंतर पोट धरून हसलाही. आत दिवा जळत होता, पंखा फिरत होता, आरशात हत्यारांची पिशवी घेतलेला एक माणूस उभा होता. बंद पडली होती ती फक्त मोटर. दुसरं कुणी असतं तर दार बडवलं असतं, देवाचं नाव घेतलं असतं, सोसायटीच्या नावाने खडे तरी फोडले असते. सुदाम नुसता पाठ टेकून उभा राहिला. भीती नाही, चीड नाही, साधा कंटाळासुद्धा नाही. त्याने स्वतःला जरा चाचपून पाहिलं, खिशात किल्ली आहे की नाही पाहावं तसं, आणि आत काहीच लागलं नाही. फक्त कान जागे होते. चालू यंत्राचा आवाज थांबला की त्या आवाजाच्या जागी जे उरतं ते त्याच्या ओळखीचं होतं. ते त्याने एकदा ऐकलं होतं, पाण्याच्या काठावर उभं राहून, भर दुपारी. बटण दाबायचं, वरून माणूस बोलवायचा, हे सगळं हाताला पाठ होतं. पण हात खालीच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. बा होता. बा फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा, मधलं सगळं अंतर आपल्यालाच कापायचं आहे अशा थाटात. "सुदाम, होडी बघायची हाय रे! हिरीचं दिवस भरत्यात पावसात. पाडा म्हनतो, सुदामलाच घेऊन जा. तू येतोस ना?" सुदाम म्हणाला, "येतो." आणि मग त्याने बटण दाबलं.

डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत त्यांचा पाडा. पाडा आणि रस्ता यांच्या मधे धरणाचं पाणी पसरलेलं. आजोबांच्या वेळेला तिथे खाचरं होती म्हणे. आता पाणी आहे, आणि ते पाणी दूर शहराला जातं. रानातून वळसा घालून रस्त्याला लागायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून होडी. दवाखान्याला होडी, रेशनला होडी, शाळेला होडी, नवरी न्यायची तर होडी. हिरी ही सुदामची धाकटी बहीण, पहिलटकरीण, बाळंतपणाला घरी आलेली. आणि घरात आता बाईमाणूस दुसरं कुणी नव्हतं. आई फार पूर्वी गेली होती. मीना भातकापणीत गेली. मीना म्हणजे सुदामची बायको.

आधीची होडी घ्यायलाही बा आणि सुदाम दोघंच गेले होते. जुनीच होती तीही, पण इंजिन कसं लखलखीत! बाने ते बैल बघावा तसं बघितलं. बा, म्हणजे लखमा, बैलाचा दर्दी माणूस. म्हशाच्या जत्रेत लोक त्याला हाताला धरून न्यायचे, जरा दात बघा म्हणून. कातडी तुकतुकीत, चाल झोकदार, एका हाकेत उठतं, अजून काय पाहिजे? का विकता, हे त्याने विचारलं नाही. जनावराच्या धन्याला तसं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. सौदा झाला. विकणाऱ्याने इंजिनाबरोबरची पेटी दिली. तिच्यात पाना, प्लग आणि एक बारीक चिवट दोरी, एका टोकाला लाकडी मूठ आणि दुसऱ्या टोकाला गाठ. बाने ती दोरी उचलली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी धन्याला परत दिली. "दावं तुमचं तुमाला ऱ्हाऊ दे." जनावर विकलं तरी त्याचं दावं कुणी विकत नाही, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. विकणारा खूश झाला, म्हणाला, जुन्या वळणाची माणसं राहिली नाहीत आता. ती दोरी कशासाठी असते हे सुदामला माहीत होतं. इंजिन ओढून सुरू करायची आतली दोरी तुटली तर वरचं झाकण काढायचं, चाकाच्या खाचेत ही गाठ अडकवायची, गुंडाळायची आणि ओढायचं. पण चारचौघांत बाला काय सांगणार? आणि शेवटी दोरीच ती, कल्याणात कुठल्याही दुकानात मिळते. आणू पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला मीनाने चपला सांगितल्या होत्या, त्या त्याने आणल्या.

मीनाला मण्यार चावली ती भाताच्या भाऱ्याखाली. फोन आला तेव्हा सुदाम शहापुरात होता, तिथून तो जीप घेऊनच काठावर पोचला. पलीकडून होडी सुटलेली दिसत होती. पाड्यातला जगदीश इंजिनावर, बा मधे, आणि बाच्या मांडीवर लाल लुगडं. इंजिनाचा आवाज वाढत येत होता, आणि त्याला वाटलं, आली, आता आली. मग पाण्याच्या मधोमध आवाज थांबला. जगदीश उभा राहून ओढत होता. दोनदा, तीनदा, आणि मग तो एकदम मागे होडीत कोलमडला. लांबूनसुद्धा सुदामला कळलं, दोरी तुटली. तो ओरडायला लागला. दोरी गुंडाळ, दोरी, चाकाला दोरी! ओरडता ओरडताच त्याला आठवलं की दोरी होडीत नाही. तरी तो ओरडत राहिला. वारा पाठीवर होता, तरी आवाज तिथवर पोचत नाही असं त्याला वाटत होतं. मग बा उभा राहिला आणि त्याच्या हातात काहीतरी पांढरं हललं. सुदामला वाटलं, बा खूण करतोय. संपलं म्हणून सांगतोय. तो तिथेच खाली बसला. फळकुटांनी पाणी मारत ते काठाला लागले तेव्हा खरंच संपलेलं होतं. जीपवाल्याने इंजिन चालूच ठेवलं होतं. ते बंद करा, असं त्याला सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर लोक त्याला रडवायचा प्रयत्न करत होते. बायका गळ्यात पडल्या, हिरीने पाठीवर बुक्के मारले, "रड ना रे दादा, रड!" त्याला त्यांची कीव आली, म्हणजे यावी असं वाटलं. दिवस झाले, तो कामावर गेला. गरम चहाचा पेला हातात धरून ठेवायचा, शेजारचा माणूस म्हणायचा, अरे भाजेल. तेव्हा खाली ठेवायचा. त्या इंजिनाचा पार्टही कुठे मिळाला नाही. बनवणारी कंपनीच उठून गेली होती. होडी पाड्याच्या काठावर पालथी पडून राहिली. एके दिवशी येता येता सुदामने एका दुकानातून तशीच चिवट दोरी घेतली, तिला एका टोकाला गाठ मारली आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी टाकली. ती काढून काय करायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. एक मात्र ठरलं होतं, परत केलेली दोरी कशासाठी होती ते बाला कळता कामा नये. बाने ज्या हातांनी दोरी परत केली ते हात आता नीट घास उचलत नव्हते. म्हशाच्या जत्रेत त्याने आपला सोन्या विकला. जोडीचा बैल आधीच मेला होता, एकट्याने नांगर चालत नाही. लोक म्हणाले, म्हातारा खचला. त्यात हे कळलं तर तो जगायचा नाही. दोघं एकमेकांसमोर जेवायचे, भाताचं बोलायचे, पाखरांचं बोलायचे. होडीचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि आता पाड्याने दोघांनाच होडी बघायला पाठवलं. बघा म्हणजे! लोकांना अक्कल म्हणून नाही.

पहिली होडी मुरबाडच्या बाजूला एका फार्महाऊसवर होती. बाने आदल्या दिवशी निरोप धाडलाच. न सांगता कुणाच्या दारात जनावर बघायला जायचं नसतं. रितेश नावाचा तिथला मॅनेजर, पायात रबरी सपाता, तोंडात लोणी. "काका, बघा तर खरं, एका झटक्यात स्टार्ट!" आणि झालंही तसंच. इंजिन मोठं, काळंभोर, पाहुण्यांना पाण्यावर फिरवायचं. बाचे डोळे क्षणभर चमकले आणि लगेच खाली गेले. सुदामने झाकणावर तळवा ठेवला. इंजिन आधी तापवून ठेवलेलं असलं तर ते हटकून एका झटक्यात उठतं. खोड कळते ती थंड इंजिनाची. तळवा ठेवून तो उभा राहिला आणि त्याला कळेना की हे गरम आहे की थंड. ऊन असेल. आग असेल. हात आपला आहे एवढंच कळत होतं. "बा, तू बघ," तो म्हणाला. बाने हात ठेवला आणि झटकन काढला. "कढत हाय." रितेश हसला, "सकाळी गेस्टला राउंड दिला ना." सुदामने विचारलं, "पार्ट कुठं मिळतात?" "ऑनलाइन, दादा. महिन्याभरात घरपोच!" महिनाभर पाण्याच्या मधोमध बसून राहिलेली होडी सुदामच्या डोळ्यांपुढे आली. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. "चल बा," तो म्हणाला.

दुसऱ्या ठिकाणी निरोप धाडायचा नाही, असं त्याने बाला बजावलं. बा घुम्यासारखा बसला. एसटीतून उतरून त्यांनी डोंगराची पायवाट धरली. बाच्या खांद्याला कापडी पिशवी होती, ती तो दर थोड्या वेळाने चाचपायचा. भाकरी असेल, सुदामला वाटलं. पळस फुलायला लागले होते. माणसं मुकाट चालत असली की पायांखालचा पाचोळा फार बोलतो. शेवटी न राहवून बा म्हणाला, "चोरावानी जायचं कुनाच्या घरी? काय म्हनतील?" सुदाम म्हणाला, "म्हणू देत." आणि मग बा एकदम म्हणाला, "बरोबर हाय तुझं." इतकंच. सुदामने वळून बघितलं, पण म्हातारा पायाखाली बघून चालत होता.

सावळाराम दुसऱ्या एका धरणाच्या काठी राहायचा. शेती आणि जोडीला गोड्या पाण्यातली मासेमारी. मोतीबिंदूने दोन्ही डोळे अधू झालेले. अचानक दारात उभ्या राहिलेल्या माणसांना बघून त्याची बायको अंबूबाई आधी चपापली, मग पाणी घेऊन आली. "आवो, सांगून तरी यायचं! घरात भाकरतुकडा काय नाय." बा शरमेने अर्धा झाला. होडी मात्र बघायला नको अशी होती. रंग उडालेला, फळीला जागोजागी ठिगळं, आणि मागे जुनं करड्या रंगाचं इंजिन. झाकणावर पोचा, मूठ घासून गुळगुळीत. सुदामने सरळ विचारलं, "का विकता?" बाने मान खाली घातली. सावळाराम म्हणाला, "खुंट दिसत नाय आता पान्यातला. पोरं ठान्याला. काय करू ठेवून?" "पार्ट?" "ह्याचं?" म्हातारा हसला. "अख्ख्या किनाऱ्याला ह्येच इंजिन चालतं. भिवंडीच्या दुकानात जा, नाव सांगायच्या आधी पार्ट काढून देतील. मुरबाडला एक मिस्त्री हाय, तो तर डोळं मिटून खोलतो. आणि मला आता उघडं ठेवून बी काय दिसत नाय!" अंबूबाई पदराआड हसली. "झालं यांचं सुरू," ती म्हणाली. सुदामने बाच्याकडे बघितलं. न सांगता बा पुढे झाला, झाकणावर हात ठेवला, मग आजारी वासराच्या कानाला लावावा तसा गालही लावला. "थंड हाय." सुदामने दोरी ओढली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकल्यासारखं. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं आणि एका लयीत धडधडत राहिलं, गाजावाजा नाही, धूरही थोडाच. सुदामने प्लग बघितला, पंखा बघितला, गार पाण्याची धार नीट पडतेय ते बघितलं. चांगलं होतं. खरोखर चांगलं होतं. आनंद व्हायला हवा, अशी त्याने मनाशी नोंद केली.

सौदा ठरला. त्या काठाला टेंपो उतरत नव्हता. होडी पाण्यातून पलीकडे न्यायची, तिथे गाडी उभी. अंबूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. तिने होडीच्या नाकाला कुंकू लावलं, इंजिनाला लावलं, डोळे पुसले. "लय केलंस गो बायो आमच्यासाठी," ती इंजिनाला म्हणाली. मग तिने पेटी उघडली, आतली लाकडी मुठीची दोरी काढली आणि सहज कमरेला खोचली. "दावं तेवढं घरी ठेवते हां. गोठ्याची खूण."  सुदामचा हात हत्यारांच्या पिशवीकडे गेला, तळाशी त्याची दोरी होती. आहे ना, मग झालं तर, बोलायचं कारणच नाही, चला. त्याने होडीत पाय टाकलासुद्धा. आणि मागून बा म्हणाला, "वैनी, ती दोरी द्या."

अंबूबाईला नीट कळलंच नाही. "दावं? अवो, दावं कोन देतं का? तुमी तर आपल्यातलीच मानसं..."

"म्हाईत हाय," बा म्हणाला. त्याचा आवाज ओरडल्यासारखा नव्हता, फोनवरच्यासारखा तर नाहीच. "मागल्या वक्ताला मीच परत केलं व्हतं. ह्या हातांनी. सून गेली माझी. पान्यातच गेली." मग त्याने खांद्याची पिशवी उतरवली. तिच्यातून भाकरी निघाली नाही. निघालं ते सोन्या बैलाचं दावं, अंबाडीचं, त्याच्या मानेच्या घामाने काळं पडलेलं. म्हशाला बैल दिला आणि रिवाजाने बाने ते घरी आणलं होतं. "माज्या बैलाचं हाय. शेवटचं. ह्ये खुंटीला बांधा, खुंटी मोकळी ऱ्हायाची नाय तुमची." अंबूबाई सावळारामकडे बघत राहिली. त्या बिचाऱ्याला दिसत काहीच नव्हतं, पण तो म्हणाला, "दे गो. दे त्यांना." तिने कमरेची दोरी काढली, बाच्या हातात ठेवली आणि बैलाचं दावं छातीशी धरून घराकडे वळली. सुदाम एक पाय होडीत आणि एक पाण्यात, तसाच उभा होता.

पाणी निवांत होतं. इंजिन लयीत चाललं होतं, काठ मागे पडला. बा समोर बसला होता, दोरी मांडीवर. सुदाम नुसता सुकाणू धरून. मधोमध आल्यावर बा म्हणाला, "बंद कर."

"काय?"

"बंद कर इंजिन."

सुदामने बंद केलं. तेच. लिफ्टीतलं, त्या दुपारचं. होडीच्या बुडाला पाणी लागायला लागलं. बाने समोरच्या काठाकडे बघितलं. तिथे टेंपो उभा होता, त्याच्याशेजारी माणूस, करंगळीएवढा.

"तू काठावरनं वरडत व्हतास," बा म्हणाला. "दोरी, दोरी."

सुदामने विचारलं, "तुला ऐकू आलं व्हतं?"

"वारा तुझ्याकडनं येत व्हता. शब्द न् शब्द आला. माझं तुला आलं नसल." बा दोरीची गाठ बोटांनी चाचपत होता. "पंचा फाडून गुंडाळला चाकाला. ओढायला गेलो की सरकायचा. परत गुंडाळायचो. परत सरकायचा."

म्हणजे ते पांढरं. खूण नव्हती ती. सुदाम काठावर खाली बसला होता, हात गुडघ्यांत घालून, आणि तिकडे बा गुंडाळत होता. त्याच्या डोक्यात काहीतरी अगदी हळू फिरलं. म्हणजे तेव्हा संपलेलं नव्हतं. त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला वाटलं, हे न विचारता जन्म काढता आला असता: "तिला ऐकू आलं?"

"तिलाच आधी आलं," बा म्हणाला. "पापन्या उघडत नव्हत्या तिच्या. पन म्हनाली, बा, ते आले बघा. मग मांडीवर नीट डोकं ठेवलं. मग काय बोलली नाय."

पाणी होडीला लागत राहिलं. सुदामने आपल्या हातांकडे बघितलं. बाने दोरी त्याच्यापुढे धरली. "गुंडाळ. मला शिकव. म्हशाला गेलतो तवा मुरबाडच्या मिस्त्रीनं रीत सांगितली, पन हाताला बसली नाय."

सुदामने पेटीतला पाना घेतला, झाकण काढलं, वरची चकती सोडवून बाजूला ठेवली. चाक उघडं पडलं. गाठ खाचेत बसवली, दोरी वेढ्यावर वेढा घट्ट घेतली. "अशी," तो म्हणाला. "गाठ हितं. मग ह्या बाजूनं." बा वाकून बघत होता, ओठ हलवत होता, पाठ करत होता. सुदामने ओढलं. मूठ निसटली आणि दोरी तळव्यातून सरसरत गेली. त्याने पुन्हा गुंडाळली, या वेळी मूठ न धरता दोरीच हाताला पिळून घेतली आणि सगळ्या अंगाने ओढली. इंजिन सुरू झालं. दोरी सुटून होडीत पडली. त्याच्या तळव्यावर आडवा लाल वळ उठला होता, मधे कातडी सोलून निघाली होती आणि तिथून आग आग होत होती, हाताला, मनगटाला, दंडापर्यंत. तो तळव्याकडे बघत राहिला.

"लागलं?" बाने विचारलं.

"लागलं," सुदाम म्हणाला. आणि मग होडीत बसल्या बसल्या त्याचं तोंड वाकडं झालं, लहानपणी व्हायचं तसं. "लागलं रे बा. खूप लागलं."